अंड्याचा भाव कोण ठरवतो? डॉ. बी. व्ही. राव यांचे काम आणि आपला आठवडी बाजार



मूल किंवा आरमोरीच्या आठवडी बाजारात तुम्ही टोपलीभर अंडी घेऊन बसता. गिऱ्हाईक भाव विचारते. तुम्ही शेजारी बसलेल्या बाईकडे पाहता आणि ती सांगेल तोच भाव सांगता. दुकानदार घ्यायला आला तर तोच भाव ठरवतो आणि तुम्ही मान डोलावता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी हजारो कोंबड्या पाळणाऱ्या पोल्ट्रीवाल्यांचीही गत याहून वेगळी नव्हती. ती बदलण्यात ज्यांचा सर्वांत मोठा वाटा होता, त्या डॉ. बी. व्ही. राव यांच्याबद्दल आज वाचा. अंडी विकणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे त्यात काहीतरी आहे.

पिल्लांपासून सुरुवात

बांदा वासुदेव राव यांचा जन्म १९३५ चा. ते तरुण होते तेव्हा आपल्या देशात अंडे म्हणजे परसातल्या कोंबडीचे अंडे. अशी कोंबडी वर्षाला साधारण ६० अंडी देते, तीही खुडुक बसण्याच्या मधल्या काळात. १९७१ मध्ये रावांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज हे उबवणी केंद्र सुरू केले. पुढे पुणे हे या उद्योगाचे मुख्य ठिकाण झाले. परदेशी बॅबकॉक जातीवर आधारलेली बीव्ही-३०० ही पांढरी लेअर कोंबडी त्यांच्याच केंद्रातून देशभर गेली. चांगले खाद्य आणि चांगली निगा मिळाली तर ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते.

पिल्ले विकून ते थांबले नाहीत. लसी, खाद्य, रोगनिदान आणि प्रशिक्षण हेही त्यांनी उभे केले. पुण्याजवळ उरुळी कांचन परिसरात पोल्ट्री व्यवस्थापन शिकवणारी संस्था काढली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

उत्पादन वाढले, पण भाव?

खरी अडचण इथून पुढे आली. कोंबडी वाढली, अंडी वाढली, पण भाव मोठ्या शहरांतले व्यापारी ठरवू लागले. अंडे हा थांबणारा माल नाही. कोंबडी रोज अंडे देते, खाद्याचा खर्च रोज होतो, आणि उन्हाळ्यात माल फार दिवस धरून ठेवता येत नाही. व्यापाऱ्याला हे ठाऊक असते. १९८० च्या सुमारास भाव उत्पादन खर्चाच्याही खाली जाऊ लागले आणि पोल्ट्री बंद पडू लागल्या.

राव तेव्हा देशभर फिरले. शेतकरी आणि व्यापारी यांच्या तीनशेहून अधिक बैठका झाल्या. त्यातून १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली. शेकडा अंड्यांचा भाव उत्पादकांनीच रोज जाहीर करायचा, ही तिची साधी पद्धत. हा भाव सुचवलेला असतो, सक्तीचा नसतो. पण तो सगळ्यांना एकाच वेळी कळतो, आणि विकणाऱ्याला अंधारात ठेवून सौदा करणे अवघड होते. आपल्याला जवळचा भाव नागपूरचा.

मागणी वाढवण्यासाठी समितीने रोज अंडे खाण्याचा जाहिरातींतून प्रचार केला. टीव्हीवरची ती गाणी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील.

यात रावांचा स्वार्थही होता. शेतकरी बुडाला तर पिल्ले घेणार कोण? पण त्यांचा स्वार्थ आणि शेतकऱ्याचा फायदा एकाच दिशेने चालले, म्हणून काम टिकले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९६ च्या सुरुवातीला ते गेले. त्याच वर्षी दिल्लीत जागतिक कुक्कुट परिषद भरली, ती पाहायला ते नव्हते.

चंद्रपूर-गडचिरोलीत याचा उपयोग काय?

एनईसीसीचा भाव पांढऱ्या लेअर अंड्यांचा असतो. देशी अंड्यांचा भाव त्यात नसतो, तो तुम्हालाच ठरवावा लागतो. म्हणून रावांच्या कामातली एक गोष्ट उचला: भाव एकट्याने ठरत नाही, एकत्र बसून ठरतो.

एक हिशेब पाहा. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेखाली मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी देण्याची तरतूद आहे. अंगणवाडीत ४० मुले असतील तर आठवड्याला १६० अंडी लागतात. परसातल्या कोंबडीच्या वर्षाला ६० अंड्यांनी हिशेब केला तर सुमारे १४० कोंबड्या हव्यात. एका घरात एवढ्या नसतात. पण बचत गटातल्या १२ जणींनी प्रत्येकी १२ कोंबड्या पाळल्या तर हिशेब जुळतो. आपल्या गावात खरेदी कशी होते ते आधी अंगणवाडी सेविका आणि आहार समितीला विचारा, मगच कोंबड्या वाढवा.

भाव मागायचा तर माल तसा हवा. एवढे पाळा:

• अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. आपल्या उन्हाळ्यात दुपारभर खुराड्यात राहिलेले अंडे लवकर खराब होते.
• विक्रीसाठीच अंडी घेत असाल तर कोंबडे वेगळे ठेवा. फळलेल्या अंड्यात उष्णतेने गर्भ वाढू लागतो आणि गिऱ्हाइकाला फोडल्यावर रक्ताची रेषा दिसते.
• अंडी धुऊ नका. पाण्याने कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते. घाण कोरड्या फडक्याने पुसा.
• अंधारात मोबाईलची बॅटरी अंड्याच्या रुंद टोकाला लावून पाहा. हवेची पोकळी लहान असेल तर अंडे ताजे. तडा गेलेले अंडे वेगळे काढून घरात वापरा.
• लहान-मोठी अंडी वेगळी करून ३० च्या ट्रेमध्ये भरा, रुंद टोक वर ठेवून. ट्रेवर तारीख लिहा.
• श्रावणात आणि नवरात्रात खप घटतो. त्या आधी काही कोंबड्या अंड्यांवर बसवून पिल्ले काढून घ्या.

अंडी घेणाऱ्यांनीही हेच पाहावे. हॉटेल, आश्रमशाळा किंवा घरासाठी घेताना गोळा केल्याची तारीख विचारा, दोन-चार अंडी बॅटरीवर पाहा आणि एकाच गटाकडून नियमित घ्या. ठरलेले गिऱ्हाईक असले की विकणाराही माल जपतो.

पुढच्या आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी गटातल्या सगळ्या जणी एकत्र बसा. खाद्याचा खर्च लिहा, नागपूरचा भाव फोनवर पाहा, देशी अंड्याला त्याहून किती जास्त घ्यायचे ते ठरवा. बाजारात मग शेजारणीकडे पाहावे लागणार नाही, कारण तिचाही भाव तोच असेल.