कवचांतून वाचले समुद्राचे तापमान

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात मॉन्सूनच्या अंदाजाची चर्चा सुरू झाली, की अरबी समुद्राच्या तापमानाचा विषय हमखास निघतो. आजचे तापमान उपकरणे सांगतात; परंतु लाखो वर्षांपूर्वीचे कोण सांगणार? या प्रश्नाचे उत्तर समुद्रतळाच्या गाळात शोधण्यात चेझारे एमिलियानी यांनी आयुष्य वेचले.

एमिलियानी यांचा जन्म ८ डिसेंबर १९२२ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. तेथेच १९४५ मध्ये त्यांनी भूशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. काही काळ फ्लॉरेन्समधील तेल कंपनीत सूक्ष्मजीवाश्म तपासण्याचे काम केल्यानंतर १९४८ मध्ये ते शिकागोला गेले. तेथे नोबेल विजेते हॅरोल्ड युरी यांच्या प्रयोगशाळेने त्यांना दिशा दिली.

पाण्यात हलका आणि जड असे ऑक्सिजनचे दोन प्रकार असतात. थंड पाण्यात तयार होणाऱ्या चुनखडीच्या कवचात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते, हे युरी यांनी दाखविले होते. एमिलियानी यांनी हे तत्त्व फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांना लावले. समुद्रात तरंगणारे हे जीव मेल्यावर त्यांची वाळूच्या कणाएवढी कवचे तळाशी थरांत साचतात. नळीने उपसलेल्या गाळातील कवचे थरागणिक वेचून त्यांनी मोजमाप केले.

हे निष्कर्ष १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. हिमयुगे केवळ चार, हा रूढ समज त्यामुळे डळमळला. थंड आणि उबदार कालखंडांची आवर्तने त्याहून बरीच अधिक निघाली. पृथ्वीच्या कक्षेतील बदलांमुळे हिमयुगे येतात, या मिलान्कोविच यांच्या उपेक्षित सिद्धान्तालाही बळ मिळाले. हिमयुगात कॅरिबियन समुद्र सुमारे ६ अंशांनी थंड झाला होता, असा एमिलियानी यांचा हिशेब होता.

याच आकड्याला १९६७ मध्ये केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यांनी आव्हान दिले. हलक्या ऑक्सिजनचे पाणी बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकले, की समुद्रात जड ऑक्सिजन उरतो. खोल समुद्राचे पाणी मुळातच गोठणबिंदूजवळ असते. तरीही तळाच्या जीवांच्या कवचांत तसाच बदल आढळला. म्हणजे कवचांतील नोंद मुख्यतः बर्फाची होती. एमिलियानी यांना हे सहजी मान्य झाले नाही. पण काळाने शॅकल्टन यांच्या बाजूने कौल दिला. पुढे कवचांतील मॅग्नेशियम मोजून तापमानाचा हिस्सा वेगळा काढता येऊ लागला. एमिलियानी यांनी कालखंडांना दिलेले क्रमांक मात्र आजही जगभर वापरले जातात.

१९५७ पासून ते मायामी विद्यापीठात होते. लांब गाळनमुन्यांसाठी समुद्रतळ खोदावा, हा आग्रह त्यांनी साठच्या दशकात धरला. त्यातूनच १९६८ मध्ये खोदकामास प्रारंभ झाला. याच परंपरेतील मोहिमेने २०१५ मध्ये अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यातून गाळ वर काढला. पाषाण येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेसारख्या ठिकाणी भविष्यातील मॉन्सूनची प्रारूपे बनतात. प्रारूपांची कसोटी भूतकाळावरही घ्यावी लागते आणि तो भूतकाळ अशाच गाळात नोंदलेला असतो.

२० जुलै १९९५ रोजी फ्लोरिडात एमिलियानी यांचे निधन झाले. एका सूक्ष्म सागरी वनस्पतीला त्यांच्या गौरवार्थ एमिलियानिया हे नाव दिले आहे. तिने बनविलेल्या मेदासारख्या रेणूंवरून आज जुन्या समुद्राचे तापमान काढले जाते. ज्या आकड्यावरून त्यांना माघार पाहावी लागली, तोच आकडा आता त्यांच्या नावाची वनस्पती सांगते.