घराचे स्वप्न पाहणारी नाटककार

११ मार्च १९५९ रोजी न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर, एथेल बॅरीमोर थिएटरमध्ये एका नव्या नाटकाचा पडदा वर गेला. रंगमंचावर शिकागोच्या दक्षिण भागातील एक कोंदट बिऱ्हाड होते. तीन पिढ्यांची पाच माणसे त्यात दाटीवाटीने राहत होती, शेजाऱ्यांबरोबर एकच न्हाणीघर वापरत होती आणि येऊ घातलेल्या विम्याच्या दहा हजार डॉलरची वाट पाहत होती. नाटकाचे नाव होते ‘अ रेझिन इन द सन’ आणि ते लिहिणारी लॉरेन हॅन्सबेरी अवघ्या २८ वर्षांची होती. कृष्णवर्णीय स्त्रीने लिहिलेले नाटक ब्रॉडवेवर येण्याची ती पहिलीच वेळ होती.

लॉरेनचा जन्म १९ मे १९३० रोजी शिकागोत झाला. चार भावंडांत ती धाकटी. घर सुखवस्तू होते. वडील कार्ल हॅन्सबेरी यांचा जमीनजुमल्याचा व्यवसाय होता. मोठ्या सदनिकांचे लहान लहान भाग पाडून ते कृष्णवर्णीय भाडेकरूंना देण्यात त्यांनी जम बसवला होता. शहराने आखून दिलेल्या मोजक्या वस्त्यांबाहेर कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे, त्यामुळे अशा खोल्यांना मागणी अपार होती. पुढे लॉरेनने रंगमंचावर उभे केलेले बिऱ्हाड याच प्रकारचे होते. मालकाच्या मुलीने भाडेकरूंची कथा लिहिली, असे म्हणता येईल.

या विसंगतीची जाणीव तिला फार लवकर झाली. पाच वर्षांची असताना नाताळची भेट म्हणून मिळालेला पांढरा फरचा कोट घालून ती शाळेत गेली आणि गरीब घरच्या मुलांचा मार खाऊन आली. राग मात्र तिला कोटाचा आला. आईवडील कामावर जात म्हणून गळ्यात घराची किल्ली अडकवून फिरणारी ती मुले तिला आपलीशी वाटू लागली.

१९३७ मध्ये कार्ल हॅन्सबेरी यांनी श्वेतवर्णीयांच्या वस्तीत घर घेतले. त्या भागातील मालकांनी आपापली घरे कृष्णवर्णीयांना विकायची किंवा भाड्याने द्यायची नाहीत, असा करार केला होता. घरासमोर जमाव जमला, दगडफेक झाली. एक जड तुकडा खिडकी फोडून आत आला आणि सात वर्षांची लॉरेन थोडक्यात बचावली. वडील खटल्यासाठी दूर असत. तेव्हा आई रात्रभर भरलेले पिस्तूल हाती घेऊन मुलांची राखण करीत असे.

इलिनॉयच्या न्यायालयांनी हॅन्सबेरी कुटुंबाविरुद्ध निकाल दिला. कार्ल सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९४० मध्ये ‘हॅन्सबेरी विरुद्ध ली’ हा खटला जिंकले. पण हा विजय तांत्रिक मुद्द्यावरचा होता. आधीच्या एका खटल्याचा निकाल त्यात सहभागी नसलेल्यांवर बंधनकारक ठरवता येणार नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. वर्णभेदी करारांना हात लावला नाही. असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, हा निर्णय येण्यास १९४८ साल उजाडले. तोवर कार्ल हयात नव्हते. पैसा आणि उमेदीची वर्षे खर्ची घालूनही शिकागो बदलत नाही, हे पाहून त्यांनी कुटुंबासह मेक्सिकोत स्थायिक होण्याची तयारी चालवली होती. तेथेच १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. कायद्याच्या मार्गावर सारा विश्वास टाकणाऱ्या माणसाच्या पदरी काय पडले, हा प्रश्न लॉरेनची पाठ कधीच सोडणार नव्हता.

विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकत असताना तिने आयरिश नाटककार शॉन ओकेसी यांचे ‘जूनो अँड द पेकॉक’ पाहिले. गरिबांच्या घरातले साधे बोलणेही किती उंची गाठू शकते, हे तिला तेथे उमगले. पदवी अर्धवट सोडून १९५० मध्ये ती न्यू यॉर्कला आली आणि गायक पॉल रोबसन यांच्या ‘फ्रीडम’ या वृत्तपत्रात काम करू लागली. १९५३ मध्ये तिने रॉबर्ट नेमिरॉफ यांच्याशी विवाह केला. नेमिरॉफ यांनी एका मित्रासोबत लिहिलेले गाणे १९५६ मध्ये लोकप्रिय झाले. त्याच्या मिळकतीमुळे नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन करणे तिला शक्य झाले.

नाटकातील यंगर कुटुंबात प्रत्येकाचे स्वप्न वेगळे आहे. घरोघरी राबलेल्या लीनाला अंगण असलेले घर हवे आहे. मुलगा वॉल्टर श्रीमंताची मोटार चालवतो. त्याला दारूचे दुकान टाकून स्वतः मालक व्हायचे आहे. बहीण बेनिथाला डॉक्टर व्हायचे आहे. वॉल्टरची पत्नी रूथ गर्भवती आहे आणि या घरात आणखी एक मूल कसे वाढवावे, या विवंचनेत आहे. पैसा एकच, तोही मृत वडिलांच्या कष्टांचा. लीना श्वेतवर्णीयांच्या वस्तीतील घरासाठी इसार देते. उरलेली रक्कम, बेनिथाच्या शिक्षणाचा वाटा बाजूला ठेवण्याच्या अटीवर, वॉल्टरच्या स्वाधीन करते. वॉल्टर सारे पैसे धंद्यात घालतो आणि भागीदार ते घेऊन पळतो. तुम्ही येथे येऊ नका, त्याबद्दल आम्ही पैसे देतो, असा प्रस्ताव घेऊन नव्या वस्तीचा प्रतिनिधी येतो. मोडून पडलेला वॉल्टर तो स्वीकारायला निघतो. मात्र आपल्या लहान मुलासमोर त्याचे मन पालटते आणि तो नकार देतो. कुटुंब सामान बांधून निघते.

हे नाटक रंगमंचावर येणे सोपे नव्हते. निर्माते फिलिप रोझ यांना भांडवल जमवण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स आणि प्रमुख भूमिकेतील सिडनी पॉइटिए यांच्यासह हे नाटक ५३० प्रयोग चालले. न्यू यॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचा पुरस्कार मिळवणारी लॉरेन सर्वांत तरुण नाटककार ठरली. अनेकांनी शेवट सुखान्त मानला. पण त्या नव्या घरावर काय गुदरणार, हे लेखिकेने सातव्या वर्षीच पाहिले होते. दुसरीकडे, हे मध्यमवर्गीय आकांक्षांचे नाटक आहे, असा आक्षेप कवी अमिरी बराका यांनी घेतला. १९८०च्या दशकात त्यांनी स्वतःच तो मागे घेतला.

यशानंतर लॉरेन स्वस्थ बसली नाही. मे १९६३ मध्ये जेम्स बाल्डविन यांच्यासोबत ती अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांना भेटली. दक्षिणेत मार खाणाऱ्या तरुण कार्यकर्त्याचे म्हणणे त्यांना समजत नाही, हे पाहून ती बैठकीतून उठून गेली. स्त्रियांविषयीचे आपले आकर्षण तिने मोजक्या लोकांपुरतेच ठेवले होते. त्या विषयावरची तिची १९५७ मधील पत्रे केवळ आद्याक्षरांनिशी छापली गेली. नेमिरॉफ यांच्याशी १९६४ मध्ये घटस्फोट झाला, तरी लेखनातील साथ शेवटपर्यंत टिकली.

स्वादुपिंडाच्या कर्करोगाने १२ जानेवारी १९६५ रोजी, वयाच्या अवघ्या ३४व्या वर्षी, तिचे निधन झाले. ‘द साइन इन सिडनी ब्रुस्टीन्स विंडो’ या तिच्या दुसऱ्या नाटकाचे प्रयोगही त्याच दिवशी थांबले. ज्या घरावर दगड पडले, त्याला शिकागो शहराने २०१० मध्ये ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. वडिलांच्या हयातीत न्यायालयाने टाळलेला प्रश्न मुलीने रंगमंचावर मांडला होता आणि जेथे जेथे माणसाचे राहण्याचे ठिकाण दुसरे कोणी ठरवते, तेथे तो आजही तसाच उभा आहे.