देवाच्या दरबारातले टिळक

माझे वडील दरबारी गवई. चाकरीची ऊब आणि तिची बेडी, दोन्ही मी घरीच पाहिली. म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव निघाले की मला त्यांच्या फुलांमुलांच्या कवितेआधी त्यांनी सोडलेली चाकरी आठवते.

जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. राजनांदगाव संस्थानाकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा झाला आणि आप्तेष्ट तुटले. लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षे दूर राहिल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी ख्रिस्ती उपासनेत भाषांतरित गीते विलायती चालींवर म्हणत. चाल एकीकडे ओढते, मराठी शब्द दुसरीकडे, मग गाणाऱ्याचे लक्ष अर्थावरून उडते. हे शिकवताना मी रोज पाहतो. टिळकांनी उपासनेला अभंग दिले, भजने दिली, टाळ-मृदंगाचे कीर्तन दिले. तुकोबांचे ऋण ते उघड मानीत. धर्म बदलला म्हणून गळा बदलावा असे त्यांना कधी वाटले नाही.

पंचावन्नी गाठल्यावर, १९१७ साली, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघांनाही तेथे मुभा होती. (आमच्या वडिलांच्या दरबारात बसण्याच्या जागासुद्धा ठरलेल्या असत!)

दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते मुंबईत वारले. 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती.