रापीने कोरलेली मासोळी

गळाला लागणे, आमिष दाखवणे हे शब्दप्रयोग आपण रोजच्या बोलण्यात इतक्या सहजपणे वापरतो की त्यांचा मूळ अर्थ विस्मरणात गेला आहे. खाडीच्या काठावर किंवा नदीच्या डोहाशी गळ टाकून बसणारा आजही गांडूळ, कोळंबीचा तुकडा किंवा कणकेची गोळी गळाला अडकवतो. माशाला खरे खाद्य द्यायचे आणि त्या मोबदल्यात मासा मिळवायचा, असा हा साधा व्यवहार. परंतु ज्याच्यापाशी खरे खाद्य जमवण्याइतकाही वेळ उरत नाही, त्याने काय करावे? फिनलंडमधील एका गरीब कोळ्यापुढे सुमारे ९० वर्षांपूर्वी हाच प्रश्न उभा होता. त्याने बुचाच्या तुकड्यातून एक खोटी मासोळी कोरली. त्या कोळ्याचे नाव लाऊरी रापाला. पुढे हे आडनाव जगभरातील मासेमारीच्या दुकानांतील खोक्यांवर झळकले. मात्र त्यामागचा माणूस फारसा कोणाला ठाऊक नाही.

लाऊरी यांचा जन्म २७ नोव्हेंबर १९०५ रोजी दक्षिण फिनलंडमधील सिस्मा येथे झाला. त्या वेळी फिनलंड स्वतंत्र राष्ट्र नव्हते, तर रशियन साम्राज्यातील एक संस्थान होते. लाऊरी लहान असतानाच त्यांची आई मारी त्यांना घेऊन शेजारच्या आसिक्काला परगण्यात आली. त्यांच्या आडनावाची कथा मोठी रंजक आहे. चर्चच्या नोंदवहीत नाव लिहिताना पाद्रीबुवांना या मायलेकरांचे आडनाव आठवेना. तेव्हा ज्या गावातून ती आली होती, त्या रापाला गावाचेच नाव त्यांनी आडनावाच्या जागी लिहून टाकले, असे सांगितले जाते. फिनिश भाषेत 'रापा' म्हणजे चिखल. चिखलाच्या नावाचा हा मुलगा पुढे पाण्याशीच आयुष्यभराचे नाते जोडणार होता.

बालपण कष्टात गेले. लाऊरी १२ वर्षांचे असताना, १९१७ मध्ये, फिनलंड स्वतंत्र झाला आणि लगेचच १९१८ मध्ये देशात यादवी युद्ध पेटले. अशा काळात भूमिहीन घरातील मुलाला शिक्षणाची वाट मोकळी असणे शक्य नव्हते. मिळेल ती मजुरी करणे एवढेच हाती होते. १९२८ मध्ये एल्मा लेप्पानेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे संसार वाढला, मुले झाली, खाणारी तोंडे वाढली. त्यातच जागतिक मंदीची झळ फिनलंडच्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली. हिवाळ्यात जंगलात लाकूडतोड आणि बर्फ वितळले की सरोवरात मासेमारी, असा लाऊरी यांचा वर्षाचा क्रम ठरून गेला.

हे सरोवर म्हणजे पॅइयॅन्ने. सुमारे १२० किलोमीटर लांबीचे हे सरोवर फिनलंडमधील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे सरोवर मानले जाते. आज राजधानी हेलसिंकीला पिण्याचे पाणी येथूनच बोगद्यातून जाते. लाऊरी पहाटे होडी काढून दिवसभर वल्ही मारत. जाळ्यात सापडणाऱ्या लहान मासळीला भाव बेताचाच मिळे. खरा पैसा होता तो ट्राऊट आणि पाईक या मोठ्या, शिकारी माशांमध्ये. त्यांच्यासाठी शेकडो गळ अडकवलेली लांब दोरी पाण्यात सोडावी लागे आणि प्रत्येक गळाला एक लहान मासा टोचावा लागे. आधी ही लहान मासळी पकडायची, ती नीट ठेवायची, एकेक करून टोचायची आणि मग मोठ्या माशाची वाट पाहायची. दिवसाचा मोठा भाग आमिष गोळा करण्यातच सरत असे. हातावर पोट असलेल्या माणसासाठी त्यातला प्रत्येक तास म्हणजे बुडालेली कमाई होती.

पण या कंटाळवाण्या श्रमांनीच त्यांना पाण्याकडे बारकाईने पाहण्याची सवय लावली. होडीत बसून ते तासन्‌तास लहान माशांचे थवे न्याहाळत. एखादा भुकेला शिकारी मासा थव्यात घुसला की तो समोर येईल त्या मासोळीवर झडप घालत नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. शेकडो निरोगी मासोळ्या सोडून तो नेमकी एकच निवडतो. जी जखमी आहे, जिचा तोल गेला आहे, जी सरळ न पोहता एका अंगाला कलत, डुगडुगत चालली आहे, तीच त्याची शिकार. दुबळ्या सावजासाठी शक्ती कमी खर्च होते, हे निसर्गाचे गणित. लाऊरी यांनी त्यातून आपल्यापुरता निष्कर्ष काढला. मोठ्या माशाला फसवायचे असेल तर नुसते माशासारखे दिसणारे आमिष पुरेसे नाही, ते जखमी माशासारखे चालले पाहिजे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. खोटे आमिष ही काही रापाला यांची मूळ कल्पना नव्हती. चमकणारे धातूचे पत्रे, पिसांच्या माश्या यांचा वापर त्यापूर्वीही होत होता. अमेरिकेत जेम्स हेडन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच लाकडी आमिषांचा कारखाना काढला होता. रापाला यांचे वेगळेपण होते ते चालीच्या ध्यासात.

त्यांच्यापाशी ना कारखाना होता, ना भांडवल. १९३६ मध्ये त्यांनी जे पहिले यशस्वी आमिष बनवले, त्याची सामग्री घरात सापडणारीच होती. बुचाचा एक तुकडा घेतला. चांभाराच्या रापीने तो कोरला आणि काचकागदाने घासून निमुळता केला. खवल्यांची चमक आणण्यासाठी चॉकलेटच्या वेष्टनातील चंदेरी कागद अंगावर बसवला. त्यावर रोगण लावायला हवे होते, पण ते विकत घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. पाण्यापासून बचाव करणारे पारदर्शक कवच तयार झाले. आज टाकाऊतून टिकाऊ असे आपण ज्याला कौतुकाने म्हणतो, ती येथे निव्वळ गरज होती.

खरी परीक्षा पाण्यात होती. आमिषाच्या हनुवटीशी एक छोटी तिरपी पट्टी बसवलेली असते. दोरी ओढली की पाण्याचा दाब या पट्टीवर येतो. त्यामुळे आमिष खाली दबते आणि दोन्ही बाजूंना हेलकावे खात पुढे सरकते. अंग हलके असेल तरच हा हेलकावा जिवंत वाटतो, म्हणून बुचासारखा तरंगणारा पदार्थ महत्त्वाचा. पट्टीचा कोन किंचित बदलला, पुढची कडी केसभर सरकली किंवा एका कुशीवर जास्त लाकूड राहिले, तर तेच आमिष एका बाजूला पडते किंवा निर्जीवपणे ओढले जाते. त्यामुळे कोरायचे, पाण्यात ओढून पाहायचे, पुन्हा तासायचे, असा क्रम चालू राही. लाऊरी यांनी हाताने बनवलेले प्रत्येक आमिष पाण्यात चालवून पाहिल्याखेरीज वापरले नाही. हीच शिस्त पुढे त्यांच्या व्यवसायाचा पाया ठरली.

परिणाम लवकरच दिसू लागला. जिवंत आमिष गोळा करण्याचा वेळ वाचला आणि मासळी वाढली. काही दिवशी त्यांच्या होडीत पावणेतीनशे किलोपर्यंत मासे येत, अशी आख्यायिका आहे. आकडा बाजूला ठेवला तरी आसपासच्या कोळ्यांचे लक्ष वेधले गेले, हे निश्चित. त्यांच्याकडून मागणी येऊ लागली आणि कोळ्याच्या घरातच एक छोटा उद्योग सुरू झाला. पती-पत्नी आणि पुढे मुलेही या कामाला लागली.

हा उद्योग उभा राहतो न राहतो तोच युद्ध आले. १९३९-४० आणि पुन्हा १९४१ ते ४४ अशी दोनदा फिनलंडची सोव्हिएत संघाशी लढाई झाली. देशाने मोठा भूभाग गमावला. बाहेरून येणारा माल दुर्मीळ झाला, त्यात बूचही होते. रापाला यांनी त्याला पर्याय म्हणून पाईन वृक्षाची जाड साल कोरून पाहिली. पुढे दक्षिण अमेरिकेतून येणारे अत्यंत हलके बाल्सा लाकूड त्यांना सर्वांत योग्य वाटले. साहित्य बदलले, पण पाण्यातील चाल तीच राहील, याकडे त्यांनी कटाक्षाने लक्ष दिले. मुले मोठी होत होती. रेयो, एन्सिओ, रिस्टो आणि एस्को या पुत्रांनी धंद्यात हात घातला. रापीच्या जोडीला यंत्रे आली आणि उत्पादन वाढू लागले.

१९५२ मध्ये हेलसिंकी येथे ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या. खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले ती हीच स्पर्धा, त्यामुळे मराठी वाचकांना हेलसिंकीचे नाव परके नाही. या स्पर्धांच्या निमित्ताने देशोदेशींचे पाहुणे फिनलंडमध्ये आले. जाताना त्यांच्यापैकी काहींच्या सामानात रापाला यांच्या मासोळ्याही गेल्या. एका सरोवराच्या काठावरची वस्तू अशा प्रकारे परदेशी पाण्यात उतरली.

पुढचा टप्पा अमेरिकेत घडला. मिनेसोटा राज्यात फिनलंडहून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि सरोवरेही अगणित. तेथे मासेमारीच्या साहित्याची विक्री करणारे रॉन वेबर यांनी १९५९ मध्ये हे आमिष पाहिले. इतरांना मासा लागत नसताना या मासोळीला तो लागतो, हे त्यांच्या व्यापारी नजरेने हेरले. मिनियापोलिस येथे मासेमारीच्या साहित्याचे दुकान चालवणारे रे ऑस्ट्रोम यांना बरोबर घेऊन त्यांनी रापाला कुटुंबाशी संपर्क साधला आणि ५०० आमिषांची पहिली मागणी नोंदवली. यातून उभी राहिलेली त्यांची कंपनी पुढे नॉर्मार्क या नावाने ओळखली गेली.

त्यानंतर नशिबाने असा काही हात दिला की ज्याची योजना कोणी आखू शकले नसते. 'लाइफ' या अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय साप्ताहिकाने रापाला यांच्या आमिषावर लेख छापला. तो अंक होता १७ ऑगस्ट १९६२ चा. त्याच महिन्याच्या आरंभी अभिनेत्री मेरिलिन मन्रो हिचा मृत्यू झाला होता आणि या अंकाच्या मुखपृष्ठावर तिचेच छायाचित्र होते. साहजिकच अंक हातोहात खपला. मन्रोसाठी अंक घेणाऱ्या असंख्य वाचकांनी फिनलंडच्या कोळ्याची कथाही वाचली. काही काळातच सुमारे ३० लाख आमिषांची मागणी आली, असे सांगतात. एका कुटुंबाच्या हातांना ती पुरी करणे अशक्य होते. अमेरिकेत काही दुकानदार हे आमिष विकण्याऐवजी दिवसाच्या भाड्याने देत, अशाही कथा प्रचलित आहेत.

मागणी एवढी असताना तपासणीला फाटा देणे सहज शक्य होते. ग्राहक तर रांगेत उभा होता. पण आसिक्कालातील व्हॅक्सी येथे कारखाना उभा राहिला तेव्हाही प्रत्येक आमिष पाण्याच्या टाकीत चालवून पाहण्याची, वाकडे चालल्यास हाताने सरळ करण्याची पद्धत कायम ठेवण्यात आली. सरोवरात होडीमागे ओढून पाहण्याची लाऊरी यांची सवयच जणू कारखान्याच्या छपराखाली आणली गेली.

याच सुमारास, या साऱ्याशी संबंध नसलेल्या एका दुसऱ्या घरात, वेगळ्या वाटेने असाच प्रयोग झाला होता. अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन हे रबर उद्योगाचे शहर आहे. मऊ व्हिनाइल प्लॅस्टिकचा शोध १९२६ मध्ये याच शहरात वाल्डो सेमन यांनी लावला होता. तेथील निक क्रीम या कारागिराने १९४९ मध्ये पत्नीच्या मदतीने घरीच व्हिनाइल, तेल आणि रंग यांचे मिश्रण तापवून साच्यात ओतले आणि हुबेहूब गांडुळासारखे मऊ आमिष तयार केले. रापाला यांनी माशाची चाल पकडली, क्रीम दाम्पत्याने गांडुळाचा मऊपणा. आजही जगभरातील हौशी मंडळी द्रवरूप प्लॅस्टिक सुमारे १७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, प्लॅस्टरच्या साच्यात ओतून घरच्या घरी आमिषे बनवतात. हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही. प्लॅस्टिक करपले तर घशाला व डोळ्यांना झोंबणारा अपायकारक धूर निघतो, म्हणून हवेशीर जागा, हातमोजे आणि चष्मा यांना पर्याय नाही. शिवाय तुटून पाण्यात राहिलेली मऊ आमिषे कुजत नाहीत, हा प्रश्न आहेच. स्वतःच्या हाताने बनवण्याचा आनंद मोठा असला तरी ज्या पाण्यावर तो अवलंबून आहे, त्याचा विचार सुटता कामा नये.

लाऊरी रापाला यांचे निधन २० ऑक्टोबर १९७४ रोजी झाले. वयाची ६९ वर्षे पूर्ण होण्यास महिनाभराचा अवधी होता. त्यांच्या पश्चात व्यवसाय वाढतच गेला. १९९८ मध्ये कंपनीची हेलसिंकीच्या शेअर बाजारात नोंदणी झाली. खेड्यातील चर्चच्या वहीत विस्मरणामुळे लिहिले गेलेले आडनाव आता बाजाराच्या फलकावर आले.

रापाला यांच्या वाट्याला विद्यापीठ आले नाही की प्रयोगशाळा. मासा पोहतो कसा, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे तर वल्ही थांबवून, पाण्यात डोकावून शिकले. पाण्यात पाहणारे कोळी त्या सरोवरावर इतरही होतेच. पण जे दिसले त्याचा उद्याच्या भाकरीसाठी उपयोग कसा करायचा, हा विचार त्यांनी रापी हाती घेऊन तडीस नेला. पुढे पैसा आला, कारखाना आला, तरी पाण्यात न तपासलेली मासोळी विकायची नाही, हा गरिबीच्या दिवसांतला नियम त्यांनी मोडला नाही. त्यांच्या आमिषाला मासे फसले. ते विकत घेणारा मात्र फसू नये, एवढी काळजी त्यांनी अखेरपर्यंत घेतली.