रेव्हरंड गॉर्डन हॉल यांचे पाचारण

आपणांस देवाचे पाचारण झाले आहे हे सेवकाने कशावरून ओळखावे, आणि पुष्कळ वर्षे श्रम करूनही फळ दृष्टीस पडले नाही तर काय समजावे, हे प्रश्न खेड्यापाड्यांत एकट्याने काम करणाऱ्या उपदेशकाच्या मनात वारंवार येतात. पेण व रोहे यांच्या बाजूस, जेथे खाडी, खाजण व डोंगर ओलांडून चार घरांस भेटावयास जावे लागते, तेथे तर ते अधिकच येत असतील. म्हणून आमच्या मराठी मुलुखात सुवार्ता घेऊन आलेल्या पहिल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांपैकी एक, रेव्हरंड गॉर्डन हॉल, यांचे चरित्र आम्ही थोडक्यात वाचकांपुढे ठेवितो.

हॉलसाहेबांचा जन्म ता. ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात टॉलंड या गावी झाला. विद्याभ्यास संपल्यावर कनेटिकट प्रांतातील एका मंडळीने त्यांस आपले पाळक होण्याविषयी बोलाविले. काम चांगले, लोक प्रेमळ आणि उपजीविका निश्चित. तथापि ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकिले नाही त्यांच्याकडे जाण्याचे ओझे त्यांच्या मनावर होते, म्हणून त्यांनी ते आमंत्रण नम्रपणे नाकारिले. ता. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे जडसन, न्यूएल, नॉट व राइस यांच्यासह त्यांची दीक्षा झाली, आणि त्याच महिन्यात ते हिंदुस्थानास निघाले.

पाचारण झाले म्हणजे दारे आपोआप उघडतात, असे कोणी समजू नये. कलकत्त्यास पोहोचताच कंपनी सरकारने त्यांस देश सोडून जाण्याचा हुकूम केला. त्यातच इंग्लंड व अमेरिका यांच्यामध्ये लढाई सुरू झाली. हॉल व नॉट हे दोघे ता. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस आले. तेथेही त्यांस विलायतेस पाठविण्याचे ठरले. ते एका गलबतातून कोचीनपर्यंत गेले असता त्यांस परत आणिले गेले. अशा स्थितीत हॉलसाहेबांनी गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांस पत्रे लिहिली. त्यांत अधिकाऱ्याविषयी आदर होता, परंतु प्रभूची आज्ञा मनुष्याच्या हुकमाहून मोठी आहे, हेही त्यांनी लपविले नाही. शेवटी राहण्याची परवानगी मिळाली.

पुढील तेरा वर्षे त्यांनी मुंबईत काढिली. ते मराठी शिकले, बाजारात व रस्त्यांवर लोकांशी बोलू लागले. मिशनाने शाळा घातल्या, छापखाना आला, नव्या कराराचे भाषांतर चालू झाले. शाळांत बेने इस्राएल मुले शिकत आणि काही बेने इस्राएल पंतोजी शिकवीतही असत. पेण, रोहे, अलिबाग व रेवदंडा येथे शतकानुशतके राहिलेल्या व तेलाच्या घाण्यांवरून शनिवार तेली म्हणविल्या गेलेल्या लोकांचे हे भाऊबंद होत. ज्या बंधूंनी ख्रिस्ताचा स्वीकार केला नव्हता त्यांच्याही लेकरांस विद्या मिळावी, हे हॉलसाहेबांनी आपल्या सेवेचेच अंग मानिले.

परंतु माणसे मोजू गेल्यास हाती फारसे काही नव्हते. मराठी मंडळी म्हणावी अशी त्यांच्या हयातीत उभी राहिली नाही. नॉट प्रकृतीमुळे १८१५ साली परत गेले; प्रिय सोबती न्यूएल १८२१ साली पटकीने वारले. १८२५ साली मुलांच्या आजारामुळे पत्नीस मुलांसह अमेरिकेस पाठवावे लागले. काम सोडून जाण्यास याहून सबळ कारण कोणते? पण हाती घेतलेले काम पाहण्यास माणसे थोडी होती, म्हणून ते मागे राहिले.

१८२६ च्या मार्च महिन्यात ते दोन तरुण ख्रिस्ती मुलांस घेऊन नाशिकाकडे गेले. तेथे पटकीने थैमान मांडिले होते. त्यांनी रोग्यांस औषध दिले, मरणाऱ्यांपाशी बसून ख्रिस्ताविषयी सांगितले, आणि जवळचे औषध बहुतेक सरल्यावर परतीची वाट धरिली. वाटेत एका खेड्यात ते देवळाच्या ओसरीवर रात्री निजले. जवळच पटकीचा रोगी होता. पहाटे त्यांसच रोगाने गाठिले. स्वतःपुरतेही पुरेसे औषध उरले नव्हते. त्या मुलांस धीर देत व प्रार्थना करीत, थोड्याच तासांत, ता. २० मार्च रोजी ते प्रभूकडे गेले. वय अवघे ४१. मुलांनी त्यांचे शरीर वस्त्रात गुंडाळून पेटीवाचून पुरिले.

आज आपण जाणतो की पटकी दूषित पाण्याने पसरते, आणि उकळलेल्या पाण्यात योग्य प्रमाणात मीठ व साखर घालून वेळीच पाजल्याने पुष्कळ जीव वाचतात. पेणच्या मिठागरांत पिकत आले ते साधे मीठ! हे ज्ञान त्या काळी कोणासही नव्हते. ज्याजवळ हे ज्ञान आहे त्याने शेजाऱ्याच्या घरी ते नेले नाही, तर हॉलसाहेबांपुढे त्यास काय उत्तर देता येईल?

त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी मराठी नवा करार छापून निघाला. १८३१ साली त्याच मिशनाने अहमदनगरास काम सुरू केले. तेथून खेडोपाडी मंडळ्या उभ्या राहिल्या. १८९५ साली कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा त्याच मिशनाच्या द्वारे झाला. हे पीक हॉलसाहेबांनी पाहिले नाही.

बंधूंनो, यावरून आम्हांस असे दिसते की पाचारणाची खूण फळांच्या राशीत शोधू नये. भाताचे बी चिखलात टाकणारा शेतकरी त्याच दिवशी कणसे मागत नाही. आपल्या वाटेवर कोण आजारी आहे, कोणाच्या मुलास अक्षरओळख नाही, कोणाच्या दारी कोणी जात नाही, हे पाहावे. तेथे प्रभू हाक मारीत असतो. त्या हाकेस ओ देणे आपल्याकडे. वाढविणे देवाकडे आहे.