रुडॉल्फ डिझेल आणि हेड गॅस्केटची गोष्ट



आमच्या शेलारच्या आसपास यंत्रमाग, गोदामं आणि ट्रकांची वर्दळ. गॅरेज मुलांच्या रोजच्या बघण्यातलं. पण डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, हे किती मुलांना माहीत असतं? वर्गात विचारून बघा. त्या माणसाची ही गोष्ट.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, वडील पुस्तकबांधणी करणारे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावं लागलं. तिथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं. घर सुटलं, पण अभ्यास सुटला नाही. १८८० मध्ये म्युनिकच्या तंत्रशाळेतून ते उत्तम गुणांनी अभियंता झाले.

शिकतानाच एक गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. वाफेचं इंजिन कोळशातली ९० टक्क्यांहून जास्त उष्णता वाया घालवतं. मग त्यांनी वेगळा विचार केला. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापेल. त्यात इंधन सोडलं की ते आपोआप पेटेल, ठिणगी लागणारच नाही. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला.

कागदावर हिशोब जमला, पण यंत्र ऐकेना. ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिल्या चाचण्यांत हवेचा दाबच टिकत नव्हता, फटींतून तो निसटायचा. १० ऑगस्ट १८९३ रोजी इंधन पेटलं खरं, पण असा स्फोट झाला की दाब मोजायचं उपकरणच फुटलं. इंजिन काही स्वतःच्या बळावर चाललं नाही. त्यांनी ते खोललं, बदललं, पुन्हा जोडलं. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते स्वतःहून चाललं, जेमतेम एक मिनिट! १८९७ मध्ये मात्र अधिकृत चाचणीत इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामी लागली. त्या काळी हे फार मोठं यश होतं.

आता आपल्या गॅरेजमध्ये या. इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ पॅकिंग असतं, तेच हेड गॅस्केट. जुन्या डिझेल गाडीत हवा सुमारे २० पट दाबली जाते. तो दाब अडवायचा आणि शेजारून वाहणारं पाणी व ऑइल वेगळं ठेवायचं, हे त्याचं काम. ते गेलं की रेडिएटरचं पाणी कमी होतं, पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ दिसतं.

गॅस्केट बदलणं म्हणजे नुसतं जुनं काढून नवं ठेवणं नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावं लागतं. हेड काढल्यावर ते वाकलंय का, हे सरळ पट्टी ठेवून तपासतात. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करतात. योग्य जाडीचंच गॅस्केट घेतात. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळतात. एखादा टप्पा गाळला तर दाब पुन्हा निसटणार. डिझेल साहेबांना जे छळत होतं, तेच.

त्यांचा शेवट मात्र दुःखद आहे. नाव झालं, पैसा आला, पण व्यवहार कोलमडले आणि कर्ज झालं. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाताना ते जहाजावरून नाहीसे झाले. पुढे समुद्रात त्यांचा मृतदेह सापडला. मृत्यू कसा झाला, याचा उलगडा आजही झालेला नाही. मोठ्या मुलांपासून हा भाग लपवू नका. हुशार माणसालाही अडचणीत आधार लागतो, हे त्यांना कळू दे.

एक उपक्रम : सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून पंप मारायला सांगा. पंपाचा खालचा भाग गरम लागतो. मग बोट थोडं सैल करायला सांगा, दाब लगेच जातो. डिझेल इंजिन आणि गॅस्केट, दोन्ही एकाच वेळी समजतात.

आणि पालकहो, तुमचे हात ऑइलने काळे होत असतील, तर मुलाला एकदा शेजारी बसवून काम दाखवा. विज्ञानाचा हा धडा आमच्यापेक्षा तुम्ही छान शिकवाल.