डॉ. बिधानचंद्र रॉय : आजन्म विद्यार्थी

दर वर्षी १ जुलै रोजी देशात डॉक्टर दिन पाळला जातो. डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्म (१८८२) आणि मृत्यू (१९६२) याच तारखेचा. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री रॉय सर्वपरिचित आहेत. तथापि वैद्यकीय शिक्षणाचा विचार करताना विद्यार्थी आणि अध्यापक रॉय अधिक उद्बोधक ठरतात.

पाटण्यात जन्मलेले रॉय १९०१ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजात दाखल झाले. पैशांची चणचण असल्याने रुग्णांची शुश्रूषा करून ते खर्च भागवीत. प्राचार्य कर्नल ल्युकिस यांनी या विद्यार्थ्याची गुणवत्ता हेरली आणि ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. १९०९ मध्ये रॉय लंडनला गेले. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाने आशियाई विद्यार्थ्याचा अर्ज वारंवार नाकारला. त्यांनीही तो वारंवार केला. अखेर प्रवेश मिळाला आणि १९११ पर्यंत वैद्यक व शल्यचिकित्सा या दोन्ही शाखांतील सर्वोच्च अर्हता त्यांनी संपादन केल्या.

मायदेशी परतल्यावर ते कॅम्बेल मेडिकल स्कूलमध्ये व पुढे कारमायकेल मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. सरकारी वैद्यकसेवेत वरची पदे बहुधा इंग्रजांकडे असताना, डॉ. राधागोविंद कर आदींच्या खासगी प्रयत्नांतून हे कॉलेज उभे राहिले होते. १९२६ मध्ये सुरू झालेल्या चित्तरंजन सेवासदनात उपचारांबरोबरच परिचारिकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली, त्यातही रॉय यांचा पुढाकार होता. १९३९ मध्ये ते भारतीय वैद्यक परिषदेचे अध्यक्ष आणि १९४२ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४८ मध्ये मुख्यमंत्रिपद स्वीकारल्यानंतरही ते सकाळी रुग्णांना विनामूल्य तपासत. रुग्णाशी संबंध तुटला की वैद्याचे शिक्षण थांबते, हे त्यांच्या आचरणातून दिसते.

देशातील वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या २०१४ मधील ३८७ वरून आता सातशेपलीकडे गेली आहे. २००२ च्या आचारनियमांनी डॉक्टरांकडून दर पाच वर्षांत किमान ३० तासांच्या निरंतर शिक्षणाची अपेक्षा केली. जागा, हजेरी आणि तास मोजता येतात. ल्युकिस यांनी रॉय यांना दिलेला आधार मात्र कोणत्याही तपासणी-प्रपत्रात बसत नाही. म्हणून विद्यार्थी घडविण्यासाठी अध्यापकाने दिलेल्या वेळेला पदोन्नतीत स्पष्ट गुण द्यावेत. नव्या इमारतींना अध्यापक मिळतीलही. त्यांतून गुरू घडवायचे असतील, तर धोरणाने त्यांच्या या कामाची दखल घ्यायला हवी.